अवधाण आणि अवधान

संस्थेच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास यावा, संस्थापकांच्या त्यागाचे स्मरण व्हावे, माजी विद्यार्थ्यांच्या यशाची नोंद व्हावी, हे उचितच होय. अशा अंकात इतिहासाच्या शिक्षकाने मुलांच्या मानेतील गाठी आणि अंगावरील सूज हा विषय निवडावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु निवासी शाळा म्हणजे केवळ वर्ग, फळा आणि परीक्षेचा निकाल नव्हे. पोलादपूरच्या डोंगरातील वाडीवरून किंवा महाडच्या खाडीकाठच्या गावातून एखादी माता आपले आठ-नऊ वर्षांचे लेकरू आणून आमच्या हाती देते, तेव्हा ती त्याच्या बुद्धीबरोबर त्याचा देहही आमच्या स्वाधीन करते. त्या देहाचे आम्ही काय करतो, हा प्रश्न संस्थेच्या तत्त्वज्ञानाशी निगडित आहे, असे आमचे मत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या भागात एक जुना शब्द आहे : अवधाण. पायात काटा मोडला, ठेच लागून अंगठा चिघळला, की दोन-तीन दिवसांत जांघेत दुखरी गाठ येते. घरातील म्हातारी ती गाठ चाचपते आणि म्हणते, ‘अवधाण आलंय, पाय दाखव.’ शाळेची पायरी न चढलेल्या या स्त्रीने केलेले निदान शास्त्राच्या कसोटीवर पूर्णपणे उतरते. गाठ जांघेत आहे. पण कारण पायात आहे, हे तिला ठाऊक असते. गाठीला लेप लावण्याआधी ती काटा शोधते. याच शब्दाशी उच्चाराने जवळ असलेला दुसरा शब्द म्हणजे अवधान. त्याचा अर्थ लक्ष, सावधपणा. दोहोंची व्युत्पत्ती काय असेल ती असो. आमच्या आजच्या सांगण्याचे सार मात्र या दोन शब्दांत सामावलेले आहे : अवधाण आले की अवधान हवे.

शरीरात सुमारे सहाशे लसिका ग्रंथी असतात. मान, जबड्याखालची जागा, काख, जांघ, छाती आणि पोट येथे त्यांचे पुंजके आहेत. त्या-त्या भागातून येणारा द्रव या ग्रंथींतून गाळला जातो. त्यातून आलेल्या जंतूंना तेथे अडविले जाते. जंतूंशी झुंज सुरू झाली की ग्रंथी फुगते, दुखते. लहान मुलांमध्ये ही यंत्रणा विशेष तत्पर असते. त्यामुळे धडधाकट मुलाच्या मानेतही हरभऱ्याएवढी, बोटाखाली सरकणारी, न दुखणारी गाठ लागू शकते. मानेत व काखेत साधारण एक सेंटिमीटरपर्यंत आणि जांघेत दीड सेंटिमीटरपर्यंतची अशी गाठ पुष्कळदा निरुपद्रवी असते. म्हणजे गाठ हा बहुधा स्वतः रोग नसतो. कोठेतरी काही चालले आहे, याची ती वर्दी असते.

ही वर्दी कोठून आली, हे गाठीच्या जागेवरून बरेचसे कळते. मानेच्या मागे व कवटीच्या पायथ्याशी गाठी असतील तर डोक्यात पाहावे. तेथे उवा-लिखा, खाजवून झालेले फोड, खवडे किंवा नायटा सापडतो. जबड्याखाली गाठ असेल तर तोंड उघडून पाहावे. किडलेली दाढ, हिरडीवरचा फोड किंवा सुजलेले टॉन्सिल दिसते. काखेत असेल तर हाताची बोटे, कोपर, दंड तपासावा. लहान बाळाच्या डाव्या काखेतील गाठ बीसीजीच्या लसीमुळेही येते, कारण ती लस डाव्या दंडावर टोचली जाते. जांघेत असेल तर पाय, तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. सर्दी-पडसे, गोवर यांसारख्या विषाणूंच्या आजारांत एकाच वेळी अनेक ठिकाणी लहान-लहान गाठी येतात व आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरू लागतात. तापाबरोबर गाठी असतील आणि अंगावर कोठे काळी खपली पडली असेल, तर किड्याच्या चाव्यातून येणाऱ्या तापाचा संशय घेऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

महाड-पोलादपूरचा पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना यातील बरीच कारणे ओळखीची वाटतील. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत, अंथरुणे दमट राहतात, मुले ओल्या चपलांनी किंवा अनवाणी वावरतात. पायाला चिखल्या होतात, त्या चिघळतात. एका मुलाला झालेली खरूज पंधरवड्यात साऱ्या खोलीत फिरते. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. अशा पुरानंतर चिखल उपसताना झालेल्या साध्या जखमाही किती धोक्याच्या असतात, हे या भागाने पाहिलेले आहे. तेव्हा वसतिगृहातील गाठींचे पहिले औषध दवाखान्यात नसून कोरड्या पंचात, वाळलेल्या अंथरुणात, नखे कापण्यात, दोन वेळा दात घासण्यात आणि केस विंचरण्यात आहे. खरूज झाली तर एका मुलावर उपचार करून भागत नाही. खोलीतील सर्व मुलांना डॉक्टरांनी दिलेले मलम एकाच दिवशी लावावे लागते, कपडे व पांघरुणे गरम पाण्यात धुवावी लागतात. रोग सामूहिक असेल तर उपायही सामूहिकच हवा.

तथागतांनी दुःखाचा विचार ज्या क्रमाने केला, तो क्रम आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो : दुःख आहे, दुःखाला कारण आहे, त्या कारणाचा निरोध शक्य आहे आणि निरोधाचा मार्ग आहे. ही विचारपद्धती विहारात म्हणावयाची आणि वसतिगृहात विसरावयाची, असे कसे चालेल? मुलाच्या मानेवर गाठ आहे, हे दुःख. तिला कारण आहे, एवढे मान्य केले की अंगारा, दृष्ट, कोणाचा कोप या साऱ्या गोष्टी आपोआप बाजूला पडतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही गाठीवर बिब्बा घालणे, तापल्या सळईने डाग देणे, मंतरलेला दोरा बांधणे हे प्रकार पूर्णपणे संपलेले नाहीत. डागाने गाठ जात नाही. कातडी भाजते, जंतूंना नवे दार मिळते आणि मूळ रोगाला मोकळीक मिळते. अंधश्रद्धेचे आधुनिक रूपही आहे. दुकानातून परस्पर आणलेली प्रतिजैविके दोन दिवस घेऊन सोडून देणे, कोणत्या औषधाचे ते न विचारता ‘ताकदीचे’ इंजेक्शन घेणे, हेदेखील कारण न शोधता केलेले उपचारच होत. सुशिक्षित घरे यात मागे नाहीत.

कोणत्या गाठीला थांबावे आणि कोणत्या गाठीला थांबू नये, हे प्रत्येक पालकाला व अधीक्षकाला माहीत असले पाहिजे. दोन सेंटिमीटरहून मोठी गाठ. वाढत जाणारी गाठ. दगडासारखी कठीण किंवा खाली चिकटलेली, न हलणारी गाठ. एकमेकींना जोडलेल्या गाठींची माळ. गळपट्टीच्या हाडाच्या वर आलेली कोणतीही गाठ. चार ते सहा आठवड्यांनंतरही न ओसरणारी गाठ, या सर्वांची तपासणी झालीच पाहिजे. गाठीबरोबर दोन आठवड्यांहून अधिक ताप किंवा खोकला, रात्रीचा घाम, घटते वजन असेल तर विलंब करू नये. मूल पांढुरके दिसते, अंगावर कारणाविना काळेनिळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते, हाडे दुखतात, ही रक्ताच्या कर्करोगाची लक्षणे असू शकतात. ते क्वचित आढळते. पण मुलांमधील असे अनेक कर्करोग वेळीच उपचार झाल्यास बरे होतात, म्हणूनच वेळ महत्त्वाची. गाठ लाल, गरम व अतिशय दुखरी झाली, मुलाला गिळता किंवा श्वास घेता येईना, तर तो त्याच दिवशी रुग्णालयात नेण्याचा प्रसंग समजावा.

आता ज्या रोगाचे नाव घेताना पालकांचा आवाज खाली जातो, त्याकडे वळू. मानेतील क्षयाच्या गाठींना आपल्याकडे गंडमाळा म्हणत. युरोपातही हा रोग जुना. इंग्लंड व फ्रान्समध्ये शतकानुशतके अशी समजूत होती की, राजाने स्पर्श केला म्हणजे ही व्याधी बरी होते. पुढे इंग्रजीतील थोर कोशकार झालेल्या सॅम्युअल जॉन्सन यांना बालपणी, १७१२ मध्ये, राणी ॲन यांच्याकडे याच स्पर्शासाठी नेले होते. स्पर्श झाला, गाठी राहिल्या. त्यांचे व्रण त्यांनी जन्मभर वागविले. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले आणि राजस्पर्शाची कहाणी इतिहासजमा झाली. तिकडे एका मनुष्याच्या स्पर्शाने रोग बरा होतो, असे मानत; इकडे दुसऱ्या मनुष्याच्या स्पर्शाने पाणी बाटते, असे मानत. दोन्ही समजुतींच्या मुळाशी जन्माचा अहंकार होता, आणि दोहोंचाही सत्याशी संबंध नव्हता.

आज क्षयाच्या गाठीचे निदान व्यवस्थित करता येते. बारीक सुईने गाठीतील पेशी काढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली व जंतूच्या जनुकीय चाचणीने तपासतात. औषधोपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो आणि राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात तो विनामूल्य मिळतो. निक्षय पोषण योजनेतून उपचारकाळात पोषणासाठी दरमहा रक्कम मिळते; पूर्वी ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली आहे. औषध सुरू असताना गाठ काही काळ मोठी होऊ शकते, क्वचित नवी गाठही दिसते. याचा अर्थ औषध फसले, असा नव्हे. डॉक्टरांना दाखवावे, परंतु गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत. दोन महिन्यांत मुलाला बरे वाटू लागते आणि तेथेच अनेक उपचार तुटतात. अर्धवट उपचारातून औषधांना न जुमानणारा क्षय निर्माण होतो, हे पालकांना पुन्हा-पुन्हा सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. लहान मुलाला क्षय झाला, म्हणजे त्याच्या आसपासच्या कोणा प्रौढाला तो बहुधा झालेला असतो. आमच्या भागातील घराघरांतून कोणीतरी मुंबईत चाकरीला असतो. कोंदट खोलीत चौघे-पाचजण राहतात, गणपती-शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी येतात. मुलाच्या मानेतील गाठ हे त्या खोकणाऱ्या काकाचे अथवा आजोबांचे निदान असू शकते. म्हणून मुलाबरोबर घरातील सर्वांची तपासणी झाली पाहिजे. त्यात कोणाला दोष देण्याचा हेतू नसतो. जंतूला जात, नाते वा नीती नसते.

येथे आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. मानेला गाठ आलेल्या मुलीचे ताट-वाटी वेगळे ठेवणे, तिचे अंथरूण दाराशी सारणे, ‘घरी ने आणि बरी झाल्यावर आण’ असे बापाला सुनावणे, हे प्रकार आम्ही पाहिलेले आहेत. कोठे पाहिले, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. ते कोठेही घडू शकते, हेच सांगावयाचे आहे. केवळ गाठींचा क्षय असेल आणि फुफ्फुसात रोग नसेल, तर तो एकाकडून दुसऱ्याला होत नाही. ताट-वाटीतून तर कोणताच क्षय पसरत नाही. फुफ्फुसाचा क्षय पसरतो तो खोकल्या-शिंकण्यातून हवेत उडालेल्या तुषारांमुळे. मग वेगळ्या ताटाचा अर्थ काय? ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच महाडच्या परिसरात, त्यांचेच छायाचित्र भिंतीवर असलेल्या भोजनगृहात, एखाद्या लेकराचे ताट वेगळे पडावे, यासारखी विसंगती दुसरी नाही.

त्या सत्याग्रहाचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात १९२३ मध्ये संमत झाला होता, आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले असल्याचा ठराव केला होता. तरीही सत्याग्रहानंतर १०८ घागरी पाणी काढून, त्यात पंचगव्य घालून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. गुरेढोरे ज्या पाण्यावर येत, ते पाणी माणसाच्या ओंजळीने बाटले, असे ठरविणाऱ्या समाजाला अस्वच्छतेची भीती नव्हती. त्याला समतेची भीती होती. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागेपर्यंत दहा वर्षे गेली. विटाळ आणि संसर्ग या दोन संपूर्णपणे भिन्न गोष्टी आहेत, हे ज्या समाजाने स्वतःच्या देहावर सोसून जगाला शिकविले, त्या समाजाने तरी त्यांची गल्लत करू नये.

यावर कोणी विचारील : मग संसर्गजन्य रोग असलेल्या मुलाला इतरांपासून दूर ठेवूच नये काय? प्रश्न रास्त आहे. फुफ्फुसाचा क्षय, गोवर, कांजिण्या, गालगुंड या आजारांत काही काळ अंतर राखावेच लागते. इतर मुलांचा जीवही आमच्याच हाती असतो. परंतु वैद्यकीय विलगीकरणाला तीन अटी आहेत. त्याला डॉक्टरांनी सांगितलेला आधार हवा. त्याची मुदत ठरलेली हवी. आणि त्या मुदतीत मुलाची अधिक काळजी घेतली गेली पाहिजे. अस्पृश्यतेला आधार नसतो, मुदत नसते आणि तिच्यात काळजीही नसते. विलगीकरणात मुलाजवळ कोणीतरी जातो, त्याला गरम जेवण नेऊन देतो, अभ्यास सांगतो, ‘अमुक दिवशी तू वर्गात येशील’ असे त्याला सांगतो. या तीन अटींवर न टिकणारे कोणतेही वेगळेपण आमच्या संस्थांत असता कामा नये.

इतिहासाने हा धडा मोठ्या किमतीत दिलेला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. जांघेत, काखेत, मानेत गाठ येणे हेच त्याचे मुख्य लक्षण. म्हणून मराठीत त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणत. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला व्यापक अधिकार मिळाले. पुण्यात घरे उघडून झडत्या झाल्या, माणसे छावण्यांत नेली गेली. परिणाम असा झाला की, लोक रुग्ण लपवू लागले, प्रेते लपवू लागले. लपविलेली गाठ अधिक जीव घेते. त्याच पुण्यात, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह रुग्णांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घालून आणले, असे सांगितले जाते. त्या सेवेतच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एकीकडे भयाने केलेली तपासणी, दुसरीकडे करुणेने केलेली शुश्रूषा. मूल आपली गाठ अधीक्षकांना स्वतःहून दाखवील की सदऱ्याच्या कॉलरखाली झाकून ठेवील, हे आपण यांपैकी कोणता मार्ग निवडतो, यावर ठरते. मुलींच्या बाबतीत तर लग्न जमण्याच्या चिंतेने घरचेच गाठ झाकतात. त्यांना आम्ही एवढेच सांगू की, बरी झालेली गाठ लग्नाच्या आड येत नाही. न तपासलेली गाठ आयुष्याच्या आड येते.

गाठीखेरीज अन्य सुजेविषयीही थोडे लिहिणे अगत्याचे आहे. गालगुंडात कानाखालची लाळग्रंथी सुजते. ती लसिका ग्रंथी नव्हे. सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे व चेहरा सुजलेला दिसणे, लघवी कमी किंवा चहाच्या रंगाची होणे, ही मूत्रपिंडाच्या विकाराची खूण आहे. घशाच्या संसर्गानंतर एक-दोन आठवड्यांनी आणि चिघळलेल्या खरजेनंतर तीन ते सहा आठवड्यांनी हा विकार उद्भवू शकतो. म्हणजे खरूज ही ‘साधी’ गोष्ट राहत नाही. घसा दुखून गेल्यावर गुडघा, घोटा, कोपर असे मोठे सांधे एकामागून एक सुजले व ताप आला, तर तो सांध्यांचा वात समजून तेल चोळीत बसू नये. त्यात हृदयाच्या झडपांना कायमची इजा होण्याचा संभव असतो. दोन्ही पायांवर, बोटाने दाबल्यास खड्डा पडणारी सूज असेल तर प्रथिनांची तीव्र कमतरता, रक्तक्षय, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार यांचा विचार करावा लागतो. अशा मुलाला ‘अंगाने भरला आहे’ असे म्हणण्याची चूक सहज होते.

हातापायावर एकाएकी वाढत जाणारी सूज आमच्या डोंगराळ भागात सर्पदंशाचीही असते. फुरसे व घोणस येथे दुर्मिळ नाहीत. अशा वेळी घट्ट दोरी बांधणे, जखम कापणे, मांत्रिकाकडे नेणे टाळावे. कडे, पैंजण, अंगठी काढून टाकावी, तो अवयव हलू न देता मुलाला थेट रुग्णालयात न्यावे. या संदर्भात डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. १९७० च्या दशकात ते महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विंचूदंशाने कोकणातील मुले दगावत होती आणि गावोगाव मंत्र चालू होते. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, घाम, श्वास, हृदयाची गती यांच्या नोंदी केल्या, कारण शोधले आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जागतिक कीर्तीचे हे संशोधन मोठ्या प्रयोगशाळेत सुरू झाले नाही. ते आमच्याच तालुक्यात, नोंदवहीत सुरू झाले.

नोंदवही हाच आमच्या सूचनेचा गाभा आहे. क्षयाच्या कार्यक्रमात मुलांसाठी एक निकष आहे : गेल्या तीन महिन्यांतील सर्वाधिक वजनाच्या तुलनेत पाच टक्क्यांहून अधिक घट. तीस किलोच्या मुलाचे दीड किलोहून जास्त वजन कमी झाले, हे डोळ्यांना दिसत नाही. ज्या वसतिगृहात दरमहा वजन लिहिले जाते, तेथेच ते कळते. तेव्हा प्रत्येक मुलाचे एक पान असावे. महिन्यातून एकदा उंची-वजन, आणि डोके, दात, घसा, मान, हात, पाय यांची पाहणी व्हावी. मुलींची पाहणी स्त्री-कर्मचाऱ्यांनी, आडोशाला, मुलीला विचारून करावी. काख वा जांघ स्वतः न पाहता ‘तेथे काही दुखते का’ असे विचारले तरी पुरते. आढळलेल्या गाठीची जागा, अंदाजे आकार आणि तारीख लिहावी, दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. ही नोंद गोपनीय राहावी. वर्गात तिचा उच्चार होऊ नये.

शिक्षक म्हणजे डॉक्टर नव्हेत, कर्मचारी अपुरे आहेत, वेळ नाही, असे आक्षेप येतील. निदान करणे आमचे काम नाही, हे खरे. परंतु पाहणे, लिहिणे आणि वेळेत पाठविणे, हे आमचे काम आहे. ती म्हातारी डॉक्टर नव्हती. तरीही तिने काटा शोधला. शासनाचीही जबाबदारी आहेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणीला यावयाची असतात. ती पावसाळ्याच्या तोंडी वसतिगृहातही यावीत, हा आग्रह संस्थांनी लेखी धरला पाहिजे. पालकांना दोष देऊन मोकळे होणे तर सर्वांत सोपे. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून ग्रामीण रुग्णालयापर्यंत यावयाचे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीची वाट. पुढील तपासणीसाठी अलिबाग किंवा मुंबई गाठावयाची, तर हे ओझे दुप्पट-तिप्पट होते. येथे माजी विद्यार्थ्यांना मोठे काम आहे. तुमच्यापैकी कोणी परिचारिका आहेत, कोणी औषधनिर्माते, कोणी मुंबईच्या रुग्णालयांत नोकरीला, कोणी रिक्षा-टेम्पो चालविणारे. वर्षातून दोन दिवसांचे दंत व त्वचा तपासणी शिबिर, प्रवासखर्चाचा एक छोटा निधी, मुंबईत तपासणीला येणाऱ्या पालकाबरोबर रांगेत उभा राहणारा एक माणूस, एवढ्यानेही पुष्कळ मुलांचे उपचार पूर्ण होतील. कमान आणि पुतळ्यासाठी देणगी देणाऱ्यांनी वजनकाट्यासाठीही द्यावी.

विनयपिटकातील एक कथा या प्रसंगी आठवावी. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि अंथरुणावर निजविले. नंतर भिक्खूंना त्यांनी समजाविले की, तुमचे आईवडील येथे नाहीत, तेव्हा तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर ती कोण करील? आईवडिलांपासून दूर राहणाऱ्या मुलांच्या संस्थेला याहून नेमका उपदेश कोणता असू शकेल?

बाबासाहेब मार्च १९२७ मध्ये महाडला आले, त्याच्या आठच महिने आधी, जुलै १९२६ मध्ये, त्यांचा राजरत्न गेला होता. त्याच्या आधीही त्यांनी व रमाईंनी आपली लेकरे गमावली होती. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. त्या काळात क्षयावर औषध नव्हते, प्रतिजैविके नव्हती, गरिबाच्या घरी डॉक्टर नव्हता. आज औषध आहे, चाचणी आहे, उपचार विनामूल्य आहेत. उणीव आहे ती पाहणाऱ्या डोळ्यांची. दर २० मार्चला आम्ही चवदार तळ्यावर जातो; त्यानंतर चारच दिवसांनी, २४ मार्चला, जागतिक क्षयरोग दिन असतो. या दोन दिवसांमधल्या आठवड्यात आमच्या प्रत्येक निवासी शाळेत प्रत्येक मुलाची पाहणी व वजन व्हावे, अशी सूचना आम्ही संस्थेपुढे व सर्व वाचकांपुढे ठेवीत आहोत. तळ्याचे पाणी सर्वांचे झाले, तसे प्रत्येक लेकराचे आरोग्यही सर्वांचे व्हावे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.